न धरलेली मासळी

भाद्रपद सरत आला की मी भांडखोर होते. हे मी म्हणत नाही, घरचे म्हणतात. एरवी मी बरी बाई आहे. शाळेत मुलांवर फारशी ओरडत नाही, रिक्षावाल्याशी हुज्जत घालत नाही, शेजारणीने माझ्या दारात पाणी ओतलं तरी एकदा सोडून देते. पण मासेमारीवरची पावसाळी बंदी उठून सुरतेतल्या उधन्याच्या बाजारात गोड्या पाण्याची मासळी पुन्हा दिसायला लागली की माझा आवाज आपोआप चढतो. माझी लेक, जिचं निम्मं बोलणं हिंदीत चालतं, बापाकडे बघून म्हणते, "पप्पा, मम्मी का सीझन चालू हो गया."

होऊ दे. काही लोकांना या दिवसांत दमा होतो, काहींना सर्दी होते. मला हे होतं.

परवाच बाजारात गेले होते. थर्माकोलच्या खोक्यांची उतरंड, वर बर्फाचा चुरा, त्यात एकाच मापाचे रोहू ओळीने झोपवलेले. विकणारा पोरगेला माणूस अगदी गोड होता. मी विचारलं, "कुठली मासळी?" तो म्हणाला, "बर्फातली." मी म्हटलं, "बर्फात जायच्या आधीची विचारते." तो हसला, मला सोडून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याची काही चूक नाही. हल्ली कोणी विचारतच नाही की हा मासा कुठल्या पाण्यातला, कोणी धरला आणि धरायची वेळ झाली होती का. शेवटचा प्रश्न तर लोकांना प्रश्नच वाटत नाही. मला मात्र तोच प्रश्न अठराव्या वर्षी चिकटला आणि अजून सुटलेला नाही.

आमच्या वेळी मासळी गाडीने यायची. सोनगडकडून येणारी सकाळची पॅसेंजर उधन्याला थांबली की शेवटच्या दोन डब्यांतून बायका उतरायच्या. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांवर पळसाची ओली पानं, आणि पानांखालून ठिबकणारं पाणी त्यांच्या खांद्यांवरून कोपरापर्यंत आलेलं. फलाटावर त्या बायका चालत गेलेल्या जागी ओली रेघ उरायची. तिकीट तपासणारे नाकाला रुमाल लावून लांब उभे राहत, त्यामुळे त्यांची कोणी फारशी अडवणूक करत नसे. त्या गामीत आदिवासी बायका होत्या, तापी अडवून केलेल्या मोठ्या पाण्याच्या काठच्या. त्यांतल्या जेठीबेनची टोपली आमच्या मायची असायची.

माय म्हणजे माझी आई. आम्ही जातीने भोई, खानदेशातले, तापीकाठचे. धरणाचं पाणी मागे चढत चढत आमच्या गावापर्यंत आलं आणि गाव त्याखाली गेलं, तेव्हा मी जन्मलेही नव्हते. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जाळं खुंटीला टांगलं आणि उधन्याला येऊन कापडाच्या लूमवर उभे राहिले. मायला मात्र मासळी सोडवली नाही. आमच्या चाळीपासून दोन गल्ल्या पलीकडे, रस्त्याच्या वळणावर, पाट आणि विळी घेऊन ती बसायची. गिऱ्हाईक सगळं खानदेशी. रात्रपाळी करून आलेले लोक घरी जाता जाता अर्धा रोहू न्यायचे. ती तुकडे करता करता त्यांच्या गावांची खबरबात विचारायची.

जेठीबेन गामीत आणि गुजराती मिसळून बोलायची, माय तिला अहिराणीत उत्तर द्यायची. दोघी एकमेकींचं सगळं समजत. मी गुजराती शाळेत शिकत होते तरी मला दोघींमधलं निम्मंच कळायचं. जेठीबेन उंच, काटक, समोरचे दोन दात पडलेली बाई. हसताना तोंडावर हात धरायची नाही. आपल्या वस्तीच्या मासेमारी सोसायटीची ती प्रमुख होती. गुजरातीत अशा सोसायटीला मंडळी म्हणतात. मंडळीत पुरुषही होते, पण सह्या करायला तेच आणि बोलायला हीच, असा कारभार होता.

एकदा दिवाळीच्या सुट्टीत मायबरोबर मी तिच्या वस्तीवर गेले होते. टेकड्यांच्या मध्ये पाणी बोटासारखं आत शिरलं होतं. त्या जागेला आंबलीखाडी म्हणत, आंबली म्हणजे चिंच, आणि तिथे पाण्याखाली जुन्या गावाच्या चिंचा अजून उभ्या होत्या. ऊन सरळ असलं की होडीतून खाली बघितल्यावर काळे बुंधे दिसायचे. जेठीबेनने मला वल्हं थांबवून दाखवलं, हे आमचं जुनं आंगण, इथे मी लग्न होऊन आले. मी पाण्यात बघत राहिले. मला काही आंगण दिसलं नाही, पण ती ज्या खात्रीने बोट दाखवत होती त्यावरून ते तिथे असणारच.

त्याच दिवशी मला त्यांची रीत कळली. पावसाळ्यात डोंगरातून ओढे उतरतात, तेव्हा मासळी अंडी घालायला त्या ओढ्यांच्या तोंडाशी, खाडीत येते. सरकारची बंदी उठली तरी ही माणसं लगेच खाडीत जाळं टाकत नाहीत. मोठ्या पाण्यात पोटापुरतं धरतात. शेतात नवा भात तयार झाला की देवापुढे तो ठेवायचा, मग सगळ्यांनी खायचा. याला ते नवं खाणं म्हणतात. नवं खाल्ल्याशिवाय नव्या भाताचा दाणा तोंडात घालायचा नाही, आणि खाडीतला मासाही धरायचा नाही. नव्या भाताबरोबर खाडीतला पहिला मासा पाण्याला परत द्यायचा, मग जाळी मोकळी. असं का, म्हणून मी विचारलं तर जेठीबेनला माझा प्रश्नच कळला नाही. भात कच्चा कापतं का कोणी, असं तिने उलट मला विचारलं.

आता ज्या वर्षाबद्दल सांगायचंय ते चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या नंतरचं वर्ष. सुरत धुऊन पुसून लख्ख करायचं काम चालू होतं. मायला वळणावरून दोनदा उठवलं होतं आणि ती दोनदा परत बसली होती. प्लेगच्या भीतीने गावी पळालेले लोक परतले होते, पण सगळे लूम परत चालू झाले नव्हते. आप्पा काम करत ते लूमचं खातं बंदच होतं. सकाळी डबा न घेता बाहेर पडायचे आणि दुपारी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचे. कापसाच्या तंतूंची सवय झालेल्या माणसाला रिकामी हवा सोसत नव्हती बहुतेक. त्यांना खोकलाही येईनासा झाला होता आणि त्यामुळे घर फार शांत वाटायचं.

त्या वर्षी पाऊस हटता हटेना. गणपती गेले, पितर गेले, तरी आभाळ मोकळं होत नव्हतं. भात उशिरा धरला. म्हणजे नवं खाणं पुढे गेलं, आणि आंबलीखाडी तशीच राहिली, न शिवलेली.

धरणाच्या पाण्याचे कागदावर दोन वाटे होते. मोठा ठेकेदाराचा, लहान काठच्या मंडळीचा, आंबलीखाडी धरून. कोणी किती मासळी धरायची ते ठरलेलं. आणि त्या कागदाच्या अगदी तळाशी एक कलम होतं की मंडळीने अमुक दिवसापर्यंत आपला वाटा धरला नाही, तर उरलेला वाटा ठेकेदाराला देता येईल. कलम लिहिणाऱ्याला ते शहाणपणाचं वाटलं असणार. एकाला नको असेल तर दुसऱ्याने घ्यावं, मासळी वाया कशाला घालवायची? वरवर बघितलं तर कोणालाही पटेल. मलाही तेव्हा क्षणभर पटलं होतं, हे कबूल करते.

त्याच कलमाचं सरकारी पत्र घेऊन जेठीबेन एका सकाळी गाडीतून उतरली. टोपली नव्हती. पत्र प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी ओच्यात. फलाटावरच्या नळापाशी उभं राहून तिने ते माझ्या हातात दिलं.

"वाच व पोरी, काय लिखेल शे त्यामा," माय म्हणाली.

मी वाचलं. सरकारी गुजराती, लांबलचक वाक्यं. मंडळीने आपल्या वाट्यातला बराच भाग वापरलेला नाही. तो ठेकेदाराकडे का देऊ नये याचं कारण मंडळीने समक्ष येऊन सांगावं. नाही आलात तर हरकत नाही असं धरलं जाईल. मी जेठीबेनला ते सोपं करून सांगितलं.

"वापरला नाही म्हणजे काय?" तिने विचारलं.

"म्हणजे तुम्ही धरला नाहीत."

"धरला नाही, कारण ठेवलाय."

मला तिला सांगता येईना की सरकारी कागदात ठेवलेल्याला जागा नसते. धरलेलं असतं किंवा उरलेलं असतं.

घरी आलो तर आप्पा उठून बसले होते. तोंडावर बऱ्याच दिवसांनी पाणी मारलेलं दिसत होतं. ठेकेदार शेठचा माणूस येऊन गेला होता. शेठला आंबलीखाडी मिळणार होती आणि तिथे जाळं टाकायला त्याला तापीचं पाणी कळणारा माणूस हवा होता. पाण्याखालच्या चिंचांत त्याची जाळी फाटली असती. बाहेरून आणलेल्या खलाशांना ते जमणारं नव्हतं आणि काठचा कोणी येणार नव्हता. आप्पा भोई. लहानपणी पुरात बुडालेल्या झाडांतून जाळं फिरवलेला माणूस. हंगामभर काम, आणि पुढेही. वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक मोठा रोहूही शेठने पाठवला होता, घरी खायला म्हणून.

मायने तो रोहू उघडून बघितला, पोटावरून अंगठा फिरवला आणि परत गुंडाळून परातीत, बर्फाच्या तुकड्यावर ठेवला. मग तिने पत्राची गोष्ट सांगितली. आप्पा ऐकत राहिले आणि मग जे बोलले ते मी विसरले नाही, कारण त्यांचंही खोटं नव्हतं.

"पाणी आपलंबी व्हतं. आपलं गावबी बुडनं. आम्हले कोनी वाटा दिधा?"

"तुम्हले कोनी दिधा नही, म्हनीसन तिना हिसकावाना का?" माय म्हणाली.

"मी हिसकावत नही. शेठ लेस. मी नही गऊ ते दुसरा जाई."

"मंग दुसराले जाऊ द्या."

आप्पा म्हणाले, बोलणं सोपं असतं, घरात चूल आहे, पोरीचं बारावीचं वर्ष आहे. माय म्हणाली, ते मासे माझ्या पाटावर आले तर मी विकणार नाही. तिचे शब्द होते, "मी हाई मासं इकत नही. टोपली रिकामी ऱ्हायनी ते ऱ्हाऊ द्या." त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं. ते एकमेकांना माझ्यामार्फत निरोप द्यायचे, तेही एकाच खोलीत बसून. मला दोघांचाही राग यायचा, आणि दोघंही बरोबर वाटायचे. अठरा वर्षांच्या मुलीला हे फार अवघड जातं. आज पन्नाशीकडे झुकले तरी फारसं सोपं झालेलं नाही. हक्क गमावलेल्या माणसाला दुसऱ्या गमावणाऱ्याच्याच वाट्यातून भरपाई देण्याची ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघते, तो दोघांच्या भांडणात कधीच दिसत नाही. भांडतात ते आप्पा आणि जेठीबेन. कलम लिहिणारा कुठेतरी पंख्याखाली बसून चहा पितो. माझा आवाज चढतो तो त्याच्यावर, आणि तो समोर नसल्यामुळे बिचाऱ्या थर्माकोलवाल्याला ऐकून घ्यावं लागतं.

सुनावणी पत्र वाचल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरतेतल्या ऑफिसात होती. जेठीबेन धरून पाच बायका आल्या, सगळ्या धुतलेल्या साड्यांत. मी वाचायला आणि माय उगाच. म्हणजे मला तसं वाटलं होतं. तिच्या हातातल्या पिशवीकडे मी लक्ष दिलं नव्हतं.

साहेब वाईट नव्हता. त्याने सगळ्यांना बसायला सांगितलं, खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून शिपायाला बाक आणायला लावलं. मग जेठीबेनला विचारलं, तुमचा वाटा तुम्ही धरला का नाही?

"हजु नवुं खाधुं नथी, साहेब," ती म्हणाली. अजून आम्ही नवं खाल्लं नाही.

साहेबाला आधी समजलं नाही. समजलं तेव्हा तो हसला. "माछली कंई डांगर छे?" मासे म्हणजे काय भात आहे का, पिकायची वाट बघायला? मग समजावणीच्या सुरात म्हणाला की पाण्यात राहिलेलं वाया जातं, आणि देशात इतक्या लोकांना खायला हवंय.  बायकांकडे साहेबासारखी वाक्यं नव्हती. जेठीबेन एवढंच म्हणत राहिली, थोडे दिवस, भात कापेपर्यंत, मग आम्ही धरू. साहेब घड्याळाकडे बघत होता.

तेव्हा माय उठली. पिशवीतून तिने तो शेठचा रोहू काढला, साहेबाच्या टेबलावर, उघड्या फायलीच्या शेजारी वर्तमानपत्र पसरलं, त्यावर मासा ठेवला. एका हाताने डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा पोटावरून शेपटीकडे दाबत नेला. मासळी विकणाऱ्या बाईच्या अंगठ्यात किती जोर असतो ते बघणाऱ्यालाच कळतं. पिवळसर अंडी सरसर बाहेर आली, वर्तमानपत्रावर, मग फायलीच्या कडेवर. पाऊस लांबल्यामुळे मासळीची अंडी अजून पोटातच होती. साहेब खुर्चीसकट मागे सरकला.

"हाई वाया जास म्हनतस ना साहेब तुम्ही?" माय म्हणाली. "मोजा मंग."

अहिराणी त्याला किती कळली कोण जाणे. पण मोजायला काय आहे ते त्याला दिसत होतं. मी त्याच्यासाठी गुजरातीत सांगितलं, हा मासा ठेकेदाराच्या जाळ्यातला आहे, यांच्या नाही.  मायचा अंगठा अजून माशावर होता. शिपाई फडकं घेऊन आला, आणि फायलीवरची अंडी पुसायची की गोळा करायची हे न कळून नुसताच उभा राहिला. साहेब म्हणाला, विचार करू.

बाहेर पायऱ्यांवर पाचही बायका हसत सुटल्या. जेठीबेनने मायचा तो अंगठा हातात घेऊन सगळ्यांना दाखवला. मला वाटलं, जिंकलो. मला तेव्हा ऑफिसांची सवय नव्हती.

हुकूम आठवड्याभरात आला. मंडळीने दिलेलं कारण नियमात बसत नाही, सबब उरलेला वाटा ठेकेदाराला. जेठीबेनने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मायने विचारलं, आता? ती म्हणाली, आता काय, आम्ही पाण्यावर असू.

जाळं टाकायच्या आदल्या दिवशीच आप्पा शेठच्या जीपमधून निघून गेले. मायने त्यांना भाकरी बांधून दिली, पण माझ्या हातून. सकाळच्या गाडीने आम्ही दोघी पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. खाडीच्या तोंडावर सात-आठ होड्या आडव्या होत्या. जाळी नाही, घोषणा नाहीत. बायका आपापल्या होडीत बसून रोजची कामं करत होत्या. एक भाजी निवडत होती, एक पोराला पाजत होती, दोघी गोधडी शिवत होत्या. जणू त्यांचं आंगणच आहे ते. आणि तसं ते होतंच, वीसेक हात खाली.

शेठच्या दोन होड्या समोरून आल्या. पुढच्या होडीत जाळं हातावर घेऊन आप्पा उभे होते. लूमवर वाकलेला माणूस मी रोज बघितला होता, पण होडीत उभे असलेले आप्पा मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. पाय रोवून, पाठ सरळ. मला खरं सांगायचं तर ते फार देखणे दिसत होते, आणि त्या क्षणी मला जेठीबेनच्या बाजूचं असणं नको झालं होतं.

जेठीबेनने आपली होडी थोडी बाजूला घेतली. वाट दिली चक्क. "नाखो भाई, जाळ नाखो," ती म्हणाली. टाका भाऊ, जाळं टाका. मग बोटाने दाखवत गेली, इथे चिंच आहे, तिथे विहिरीचा काठ आहे, तेवढं चुकवा म्हणजे तुमचं जाळं फाटणार नाही. आप्पा तिच्या बोटामागे बघत होते. शेवटी ती म्हणाली, तुम्ही भोई आहात, तुमच्यातही पहिला मासा नदीला परत देतात. मग या खाडीतला पहिला मासा तुम्ही कोणाच्या नावाने सोडणार?

आप्पांनी काठावर बघितलं. तिथे शेठचा माणूस वजनकाटा लावून बसला होता. खाडीतला प्रत्येक मासा त्या काट्यावर जायचा होता, पहिला धरून. त्याच्याशेजारून शेठ ओरडला, काय गप्पा मारताय, टाका. आप्पांनी परत पाण्याकडे बघितलं. आमच्यात पहिला मासा न सोडता कोणी जाळं दुसऱ्यांदा टाकत नाही. ती भीती नसते, श्रद्धा म्हणा तर तेवढीही नसते. तसं करायचं नसतं, एवढंच. आप्पांनी हातावरचं जाळं उतरवलं आणि अगदी सावकाश, कापडाच्या ताग्याची घालावी तशी त्याची घडी घातली. ती होडीच्या फळीवर ठेवली आणि वल्हवणाऱ्याला म्हणाले, काठाला घे.

शेठ काय काय बोलला ते लिहिण्यात अर्थ नाही. दुपारच्या गाडीत माय आणि आप्पा एकाच बाकावर बसले होते, मध्ये पिशवी.  घरी आल्यावर आप्पा उंबऱ्यातच थांबले आणि माझ्याकडे न बघता थेट तिला म्हणाले, "मी जाळं टाकं नही."

"देखं मी," माय म्हणाली. "हात धोई ल्या. भाकर वाढस."

हे सगळं सांगितलं की ऐकणारे विचारतात, मग शेवटी खाडी वाचली का? लोकांना शेवट स्वच्छ हवा असतो. तिसऱ्या दिवशी शेठने लांबून दुसरी माणसं आणली. त्यांना जेठीबेनने चिंचा दाखवल्या नाहीत. त्यांनी दोन जाळी फाडून घेतली, काही मासळी नेली, काही मेली. मग भात तयार झाला, वस्तीने नवं खाल्लं, उरलेल्या खाडीत आपली जाळी टाकली आणि हुकूम हातात घेऊन आलेल्या माणसाला पंगतीत बसवून जेवू घातलं. आप्पांना पुढे सुरतेजवळच्या सचिन गावात लूम मिळाला आणि त्यांचा खोकला परत आला. मायने त्या हंगामात शेठच्या ट्रकमधली एकही मासळी विकली नाही. कितीतरी दिवस ती रिकाम्या पाटासमोर बसून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कारण सांगत राहिली. लोक ऐकायचे, मान हलवायचे आणि पुढच्या वळणावर मासळी घ्यायचे. तिला ते माहीत होतं. तरी ती बसायची.

मी तेव्हा तिला म्हटलं होतं, काय उपयोग? आज माझी लेक मला तेच म्हणते. मला वाटतं, ज्याचा उपयोग लगेच दाखवता येत नाही ते सगळं उरलेलं, वाया गेलेलं, म्हणून कोणीतरी उचलून न्यावं, हाच तो कलमाचा विचार आहे. तो हल्ली नुसता पाण्याला लागू नाही. रिकामी दुपार, न बोललेलं वाक्य, पडीक ठेवलेलं शेत, कोणाचंही काहीही. तुम्ही वापरत नाही ना, मग आम्ही घेतो. आणि नम्रपणे विचारतात, त्यामुळे नाही म्हणणारा आडमुठा ठरतो. ठरू दे. मला आडमुठी म्हणवून घ्यायला आताशा आवडायला लागलंय.

दुसऱ्या वर्षी हंगामाआधीच जेठीबेन आली. मंडळी किती मासळी धरणार ते आधी लिहून द्यायचं असतं, तो कागद घेऊन. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. इतकी आम्ही मोठ्या पाण्यात धरू. इतकी नवं खाईपर्यंत आंबलीखाडीत ठेवू. ठेवलेली मासळी आमच्या वाट्यातली आहे आणि ठेवणं हाच तिचा वापर आहे, ती उरलेली धरू नये. साहेबाने ते शेवटचं वाक्य लाल शाईने खोडलं. त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही ते पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं. साहेब बदलले, शेठ बदलले, माय गेली, जेठीबेनही गेली. आता तिची सून कागद घेऊन येते आणि मी ते वाक्य लिहिते, एक अक्षर न बदलता.

या वर्षी कागद द्यायला मी स्वतः तिच्याबरोबर गेले. नवा, तरुण साहेब. त्याने वाक्य नीट वाचलं, खोडलं नाही. पेन टेकवून थांबला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचं म्हणणं समजतं मला. पण धरलेली आणि उरलेली, दोनच रकाने आहेत. ठेवलेलीसाठी रकानाच नाही."

मी त्याच्या टेबलावरची पट्टी उचलून त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, "मग आखा."